इको पेडलचे पैसे नेमके कशाला मोजायचे

सध्या गिटार वाजवणाऱ्या पोट्ट्यांकडून एकच प्रश्न येऊन राहिला, "दादा, इको कोणता घेऊ? चार हजारवाला चालते का, की वीस हजारवालाच पायजे?" आणि त्यातच एखादा मागून म्हणतो की नाही बे, पैसे टाकायचेच तर सरळ चाळीस-पंचेचाळीसवाला अमेरिकन घेऊन टाक, जन्माची कटकट मिटली. मी व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्याने उत्तरं देत असतो पण हा विषय तसा सांगण्यासारखा नाही म्हणून एकदा नीट बसून लिहितो. इको पेडल, त्यालाच डिले पण म्हणतात, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचा, पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा, वाजवलेला आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा. माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्याने पुढचं नाही वाचलं तरी चालेल. इकोमध्ये जो आवाज परत येतो, म्हणजे रिपीट, त्याच्या क्वालिटीसाठी फार पैसे मोजू नका. पैसे मोजा ते तुमचा मूळ आवाज, म्हणजे ड्राय सिग्नल, पेडलमधून जसाच्या तसा बाहेर यावा यासाठी, आणि गाण्याची लय तुम्हाला पायाने पकडता यावी यासाठी. बाकी सगळं आवडीनिवडीचं आहे.

आता हे असं का, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नववीच्या विज्ञानात आपण सगळेच शिकलोय की प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला मूळ आवाज आणि परत आलेला आवाज यात निदान ०.१ सेकंद तरी जायला पाहिजे, आणि त्यासाठी भिंत साधारण १७ मीटर लांब हवी. पेडलमध्ये तीच भिंत नॉब फिरवून पुढेमागे करता येते. ८० ते १२० मिलिसेकंदाला एकच रिपीट ठेवला की जुन्या रॉक अँड रोलचा स्लॅपबॅक, म्हणजे चटकन परत येणारा तो एकच आवाज, मिळतो, ३००-४०० च्या आसपास गेलं की लीडच्या, म्हणजे गिटारच्या सोलोच्या, मागे रिपीटची ती लांब शेपटी येते, आणि गाण्याच्या टेंपोला बरोबर हिशोब करून बसवलं की मग दोन नोटा वाजवल्या तरी चार ऐकू येतात. हिशोब सोपा आहे, ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे एका मिनिटात किती बीट त्या आकड्याने, भागायचं की एका बीटचे मिलिसेकंद निघतात, १२० बीपीएमला ५०० येतात, त्याचा पाऊण म्हणजे ३७५, पाऊण बीटवर येणारा हा रिपीट म्हणजे डॉटेड एट्थ. हा पाऊणचा आकडा लक्षात ठेवा, पुढे स्वस्त पेडलच्या मर्यादेत तोच कामात येणार आहे.

इकोचं यंत्र सुरू झालं ते टेपवर. एक हेड आवाज रेकॉर्ड करतं, टेप थोडी पुढे सरकते, दुसरं हेड तोच आवाज वाजवतं, मधलं अंतर म्हणजे तुमचा डिले. इंग्लंडात १९५८ मध्ये वॉटकिन्सचा कॉपिकॅट आला, अमेरिकेत १९५९ च्या सुमारास इकोप्लेक्स आला, इटलीच्या बिन्सन कंपनीने टेपच्या ऐवजी फिरणारी चुंबकीय तबकडी लावून इकोरेक बनवला जो पुढे पिंक फ्लॉइडच्या आवाजाचा भागच होऊन गेला, आणि १९७४ मध्ये रोलँडचा आरई-२०१ स्पेस इको आला, तीन प्लेबॅक हेडवाला, वर स्प्रिंग रिव्हर्ब पण त्यातच. आज चालू कंडिशनमधला स्पेस इको घ्यायचा म्हटलं तर त्या पैशात चांगली स्कूटर येईल, आणि तो नागपुरात आणून ठेवला तरी त्याची हेडं साफ करणारा, अलाइन करणारा माणूस कुठून आणणार हा प्रश्न उरतोच.

पण कागदावर बघा ना, क्वालिटी म्हणाल तर या सगळ्या मशिनी एकदम रद्दी आहेत. टेपचा वेग कधीच एकसारखा नसतो म्हणून रिपीटचा सूर किंचित हलतो, टेप घासली की वरच्या फ्रिक्वेन्सी उडतात, फीडबॅक, म्हणजे किती रिपीट यायचे ते, वाढवला की तोच आवाज परत रेकॉर्ड होतो आणि दर वेळी अजून थोडा मळतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर होतं तसं. आणि तरी पण जगातले मोठमोठे गिटारिस्ट त्याच्यासाठी जीव टाकतात. का? कारण रिपीट मळका असला की तो मागे राहतो. तुम्ही जी नोट आत्ता वाजवून राहिले ती पुढे, चकचकीत, आणि आधीची नोट तिच्या मागे सावलीत. रिपीट जर मूळ नोटेइतकाच स्वच्छ असला तर दोघी एकमेकींच्या अंगावर येतात, आणि त्यात गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळे एकाच वेळी वाजत असले की काही कळतच नाही कोण काय वाजवतंय. म्हणून मी म्हणतो की रिपीटची क्वालिटी ही पैशाची गोष्टच नाही, सगळ्यात महागडी जुनी मशीन सगळ्यात मळका रिपीट देते आणि तोच लोकांना पाहिजे असतो.

टेपनंतर आली बकेट ब्रिगेड. १९६९ मध्ये फिलिप्सच्या लॅबमध्ये सँगस्टर आणि टीअर या दोघांनी हे सर्किट काढलं. चिपमध्ये हजारो छोटे कपॅसिटर रांगेत उभे, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला प्रत्येकाने आपल्याकडचा चार्ज पुढच्याला द्यायचा, शेवटच्यापर्यंत पोचायला जितका वेळ लागला तितका डिले. यातली सगळ्यात नावाजलेली चिप म्हणजे मात्सुशिताची एमएन३००५, ४,०९६ स्टेजची. १९८१ चा बॉसचा डीएम-२ सुरुवातीला हिच्यावरच चालायचा, जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद. आता गंमत बघा, डिलेचा वेळ म्हणजे स्टेज भागिले क्लॉकची दुप्पट, म्हणजे ४,०९६ स्टेजमधून ३०० मिलिसेकंद काढायचे असतील तर क्लॉक साधारण ६,८०० हर्ट्झपर्यंत खाली आणावा लागतो, आणि क्लॉकच्या निम्म्याच्या वरचं काही त्यातून धड जातच नाही, म्हणजे ३,४०० हर्ट्झच्या वर सगळं कापूनच टाकावं लागतं. टेलिफोनवर जितका आवाज येतो तितकाच. शिवाय क्लॉकचा शिट्टीसारखा आवाज गाळायला फिल्टर, हिस, म्हणजे मागची सूं-सूं, दाबायला कंपँडर नावाचं सर्किट, हे सगळं जोडून तो गरम, गोल, थोडा दबका आवाज तयार होतो. मात्सुशिताने ती चिप बनवणं बंद केल्यावर जुन्या ओरिजिनल चिपांचे भाव चढले, आता नव्याने बनवलेल्या मिळतात आणि त्यावर चांगले पेडल निघून राहिलेत, बॉसने स्वतः २०१४ मध्ये डीएम-२डब्ल्यू काढला. खरी बकेट ब्रिगेड महाग पडते ती याच्यामुळे, चिप, फिल्टर, ट्रिमपॉट (आतले स्क्रूने फिरवायचे बारीक नॉब) लावून एकेक पेडल हाताने सेट करणं. तो खर्च खरा आहे, फसवणूक नाही. पण तो खर्च करून तुम्ही विकत काय घेता तर ३,४०० हर्ट्झला कापलेला आवाज, हे डोक्यात ठेवा.

आणि याच्या बरोबर समोर उभी आहे ती चिप जिच्यावर स्वस्त दुनिया चालते, पीटी२३९९. तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची, मुळात कराओके मशीनच्या इकोसाठी बनवलेली. नागपुरात तर आता गल्लोगल्ली कराओकेचे ग्रुप झालेत, रिटायर झालेले काका-काकू हौसेने हॉल बुक करून गातात, आणि तिथे मिक्सरवर किंवा छोट्या अँपवर "भाऊ, इको थोडा वाढव ना" म्हटल्यावर जो आवाज वाढतो तो कितीतरी स्वस्त मशीनमध्ये याच चिपचा किंवा हिच्या बहिणीचा असतो. किंमत काय तर काही दहा-वीस-तीस रुपये, इलेक्ट्रॉनिक पार्ट्सच्या दुकानात मागितली तर मिळते नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ऑनलाइन मागवता येते. आत ४४ किलोबिटची छोटीशी मेमरी आहे, आवाज एक-एक बिटच्या धारेत बदलून त्यात ठेवतात आणि परत काढतात, म्हणजे चिप डिजिटलच आहे, बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात अॅनालॉग डिले लिहिलं असलं तरी. मला यात राग नाही कारण आवाज खरंच अॅनालॉगसारखा दबका येतो, फिल्टर तसे लावलेले असतात. फक्त अॅनालॉग या अक्षरासाठी दोन हजार जास्त देऊ नका एवढंच.

तिची मर्यादा मात्र खरी आहे. कंपनीच्या डेटाशीटप्रमाणे ही चिप साधारण ३० पासून ३४० मिलिसेकंदापर्यंत नीट चालते, आणि शेवटच्या टोकाला डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या घरात जातं. त्याच्या पुढे ताणली तर चालते पण खरखर ऐकू येते, काहींना ती आवडते पण. आता वर सांगितलेला हिशोब लावा. १०० बीपीएमच्या गाण्यात डॉटेड एट्थ ४५० मिलिसेकंदाला येतो, म्हणजे या चिपच्या स्वच्छ टप्प्याच्या बाहेर. साधा एट्थ, म्हणजे अर्धा बीट, बसवायचा तर ८८ बीपीएमच्या वरचीच गाणी घ्यावी लागतील. म्हणजे स्वस्त पेडलमध्ये कमी पडतो तो वेळ, टोन नाही. आणि हे दुकानात उभं राहून स्लॅपबॅक वाजवून बघितलं तर कधीच कळत नाही, कार्यक्रमात एखादं संथ गाणं लागलं की कळतं.

डिजिटलचं उलटं आहे, तिथे वेळेची काही कमी नाही. बॉसचा डीडी-२ आला १९८३ मध्ये, पायाखाली मावणारा पहिला डिजिटल डिले, १२ बिटचा, ८०० मिलिसेकंदापर्यंत जाणारा, त्यातली चिप रोलँडच्या एसडीई-३००० या मोठ्या रॅक मशीनमधून उचललेली. त्या काळात मेमरी सोन्याच्या भावाने मिळायची म्हणून तो महाग होता. आज तेच गणित करा, सीडीच्या क्वालिटीने, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झने, एक सेकंद मोनो आवाज ठेवायला ८८ केबी मेमरी लागते. तुमच्या मोबाइलमधला एक अंधुक फोटो पण याच्यापेक्षा मोठा असतो. मग आज चाळीस हजाराच्या पेडलमध्ये मेमरीचे पैसे आहेत असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. अजून एक चिप आहे एफव्ही-१, अलेसिसचे संस्थापक कीथ बार यांनी स्पिन सेमिकंडक्टरसाठी केलेली, ३२ किलोहर्ट्झच्या आसपास चालते, बरोबर एक सेकंदाचा डिले देते आणि कितीतरी बुटीक पेडलच्या पोटात हीच बसलेली असते, बाहेरून डबा मात्र हाताने रंगवलेला.

मग महागड्यात पैसे जातात कुठे? तर मोठा डीएसपी, म्हणजे आवाजावर गणित करणारा प्रोसेसर, ज्यात टेपचा हलता वेग, हेडची झीज, बकेट ब्रिगेडचा दबकेपणा हे सगळं गणिताने बनवलेलं असतं, ते लिहिणारे इंजिनियर, स्टिरिओ इन-आउट, शेकडो प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग), मिडी (दुसऱ्या यंत्रावरून पेडल चालवायची सोय), मजबूत डबा आणि स्विच, आणि आपल्याकडे येईपर्यंत भाडं, कस्टम आणि जीएसटी. अमेरिकेत ४५० डॉलरच्या आसपास असलेली वस्तू इथे येऊन चाळीस हजाराच्या पुढे जाते ती अशी. ज्याला एका कार्यक्रमात वीस गाण्यांना वीस वेगळे इको लागतात त्याच्यासाठी हे पैसे बरोबर आहेत, मी कधीच त्याला महाग म्हणणार नाही. पण ज्याचं दोन सेटिंगवर भागतं त्याने प्रीसेटसाठी पैसे का द्यायचे.

बिटांबद्दल एक सांगतो कारण यावर लोक फार अडून बसतात. पेडलचा सगळ्यात मोठा आवाज आणि त्याची हिस यातलं अंतर एका बिटमागे साधारण ६ डेसिबल, म्हणजे १२ बिटचे ७२ आणि १६ बिटचे ९६. खोलीत गिटार ९० डेसिबलला वाजून राहिली समजा, त्याच्या ७२ खाली म्हणजे १८ डेसिबल. रात्री दोन वाजता दारं-खिडक्या लावलेल्या बेडरूममध्ये पण याच्यापेक्षा जास्त आवाज असतो. आणि आपण नागपुरात राहतो, मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर फिरत असतो, त्या घरघरीत १२ बिटची हिस ऐकून दाखवा मला. हां, पेडलला इनपुट फार कमी गेला किंवा डिलेच्या नंतर डिस्टॉर्शन लावलं तर हिस वर येते हे खरं, म्हणून डिले नेहमी डिस्टॉर्शनच्या नंतर लावा, हे फुकटात होणारं काम आहे. आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचं म्हणाल तर गिटार अँपचा स्पीकरच ५ किलोहर्ट्झच्या आसपास संपतो, सेलेस्टियन व्हिंटेज ३० च्या कागदावर पण ७० ते ५,००० हर्ट्झच लिहिलेलं आहे. २० किलोहर्ट्झपर्यंत स्वच्छ जाणारा रिपीट विकत घेऊन तो ५ वर संपणाऱ्या स्पीकरमध्ये टाकायचा, आणि वर त्याचेच जास्त पैसे.

हे मी नुसतं कागदावरून सांगत नाहीये. माझ्या घरी मित्र जमले की आम्ही एक प्रकार करतो. गिटारचा एक तुकडा इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) सरळ रेकॉर्ड करून ठेवायचा, तोच तुकडा वेगवेगळ्या पेडलमधून परत वाजवायचा, सगळ्यांची लेव्हल एकसारखी करायची, हे फार महत्त्वाचं आहे कारण जरासा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि मग कोणतं पेडल लागलंय ते न सांगता ऐकवायचं. दर वेळी हेच दिसतं की नुसते रिपीट ऐकवले तर स्वस्त कोणता आणि महाग कोणता हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, चांगले वाजवणारे पण चुकतात. पण मिक्स शून्यावर करून, म्हणजे इको पूर्ण बंद पण पेडल मात्र चालू ठेवून, नुसता मूळ आवाज ऐकवला की लगेच दोन-तीन जण म्हणतात, हा पातळ झाला, याचा वरचा चमचम गेला, याची लेव्हल पडली. फरक तिथे आहे! सगळा फरक तिथे आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही, यूट्यूबवरचे सगळे डेमो शेपटीचेच असतात.

मूळ आवाज बिघडतो तो का. काही डिजिटल पेडलमध्ये सगळा सिग्नलच आकड्यांत जातो आणि परत येतो, ड्राय पण, त्यात स्वस्त कन्व्हर्टर असला की बोटाचा जो नेमका अटॅक असतो तो बोथट होतो, आणि एक-दोन मिलिसेकंद उशीरही होतो. चांगल्या पेडलमध्ये ड्राय सिग्नल अॅनालॉग रस्त्यानेच सरळ बाहेर जातो आणि डिजिटलमधून आलेला रिपीट त्यात नंतर मिसळतो. घेताना हाच प्रश्न विचारा, ड्राय अॅनालॉग आहे का. दुकानदाराला माहीत नसलं तर मॅन्युअल उघडून बघा, अॅनालॉग ड्राय थ्रू असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. दुसरं म्हणजे इनपुट इंपिडन्स, आत येणाऱ्या सिग्नलला पेडलचा असलेला विरोध, साध्या पिकअपला १ मेगाओहमच्या आसपास हवा, कमी असला तर पेडल लावल्या लावल्या आवाज मंद होतो. तिसरं बायपास, म्हणजे इको बंद असताना सिग्नल ज्या रस्त्याने जातो तो. ट्रू बायपास, म्हणजे सर्किट पूर्ण वगळून सरळ तारेने, म्हटलं की लोक खूश होतात पण केबलमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असते, स्टेजवर सहा मीटर इकडून आणि सहा मीटर तिकडे अँपकडे, मध्ये सगळे ट्रू बायपास पेडल, वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच संपल्या. अशा वेळी लाइनीत कुठेतरी एक चांगला बफर, म्हणजे सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट, असलेलंच बरं, आणि इको बंद केल्यावर शेपटी हळूहळू विरावी असं वाटत असेल तर बफर लागतोच, ट्रू बायपासमध्ये ती कात्रीने कापल्यासारखी बंद होते. माझ्या कानाला ते फार वाईट लागतं, विशेषतः गायिका आलाप घेत असताना.

पॉवरचं तर मी किती वेळा सांगतो. इतके चांगले पेडल घेतात आणि एकाच अडॅप्टरवर डेझी चेनने, म्हणजे एकाच तारेला ओळीने, सगळे लटकवतात. डिजिटल डिलेचा प्रोसेसर त्याच तारेतून आपली बारीक किणकिण बाकीच्यांना वाटत असतो, आणि ऐकणारा म्हणतो पेडलच बेकार आहे. अॅनालॉग पेडल २०-३० मिलिअँपमध्ये भागवतं, डिजिटलला १०० ते ३०० लागतात, तो कमी पडला तरी विचित्र आवाज येतात. आणि आपल्याकडे गणपती-नवरात्राच्या पेंडॉलमध्ये लाइट कधी मेनवर तर कधी जनरेटरवर, अर्थिंग असेल तर नशीब, त्याच सर्किटवर रोषणाईचे डिमर. तिथे तुमचा चाळीस हजाराचा इको पण हम्म करतो. म्हणून बजेट वीसचं असेल तर पंधराचा इको आणि उरलेल्यात आयसोलेटेड सप्लाय, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी पॉवर देणारा, घ्या, मी शपथेवर सांगतो की आवाज वीसच्या इकोपेक्षा चांगला येईल.

आता जागेचं बोलू, कारण इको किती चांगला हवा हे जागा ठरवते. नागपुरात आपली निम्मी कामं लॉनवर होतात, वर्धा रोड, कोराडी रोड, जिकडे तिकडे लग्नाचे लॉन, वर आभाळ आणि बाजूला मोकळं. तिथे नैसर्गिक गुंज काहीच नसते, आवाज स्पीकरमधून निघाला की गेला, त्यामुळे गिटार एकदम कोरडी लागते आणि इको थोडा जास्त, थोडा लांब ठेवला तरी छान वाटतो. याच्या उलट फरशी आणि ग्लेझ टाइल्सवालं मंगल कार्यालय, तिथे मागची भिंत २० मीटरवर असली तर आवाज जाऊन यायला ४० मीटर, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंदाच्या जरा आत भिंत स्वतःच तुम्हाला स्लॅपबॅक देऊन राहिली, त्यावर तुमचा स्लॅपबॅक लावला की नुसता चिखल. अशा हॉलमध्ये मी इको जवळपास बंद करतो, महागडा असला तरी. एक बारीक गोष्ट, तापमानाने पण हे बदलतं, ४५ डिग्रीला आवाजाचा वेग सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास आणि जानेवारीच्या १० डिग्रीच्या रात्री ३३७, त्याच भिंतीवरून मे महिन्यात ११२ मिलिसेकंदाला येणारा आवाज थंडीत ११८-११९ ला येतो. वाजवण्यात याचा काही फरक पडत नाही पण मला हे गणित आवडतं म्हणून लिहिलं. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा सुरेश भट सभागृहासारख्या ठिकाणी, जिथे खुर्च्या भरलेल्या असतात आणि लोक शांत बसून ऐकतात, तिथे मात्र चांगला ड्राय टोन आणि नीट बसवलेला इको शेवटच्या रांगेपर्यंत कळतो. ज्यांचं वाजवणं मुख्यतः अशा ठिकाणी असतं त्यांनी जास्त पैसे टाकावे, त्यांचं बरोबर आहे.

टॅप टेंपोबद्दल, म्हणजे पायाने ठोके देऊन डिलेचा वेळ बसवायच्या सोयीबद्दल, माझं मत पक्कं आहे. आपल्याकडचा ऑर्केस्ट्रा क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, वाजत नाही. ढोलकवाला भाऊ रंगात आला की लय चढते, गायकाला अंतऱ्यात श्वास लागला की जराशी उतरते, आणि हे असंच असावं, त्यातच जीव आहे. पण डॉटेड एट्थ ३७५ ला बसवलेला असला आणि गाणं १२० वरून १२६ वर गेलं तर रिपीट उशिरा यायला लागतात, आणि मग अख्खा स्टेज गिटारवाल्याकडे बघतो. टॅप असला की पायाने दोन-चार ठोके द्यायचे, झालं. मी स्वतः रिपीटचा टोन थोडा कमी घेईन पण टॅप सोडणार नाही. स्वस्तातल्या काही छोट्या पेडलमध्ये पण आता टॅप यायला लागलाय, कुठे वेगळा स्विच नसून तोच स्विच दाबून धरायचा असतो, ते स्टेजवर अंधारात जमत नाही, घ्यायच्या आधी पायात बूट घालून करून बघा.

मग कोणी काय घ्यावं. नुकतंच शिकून राहिलेल्याने वेगळा इको घेऊच नये, पैसे असले तरी. घरीच रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवर फुकट आहे सगळं, रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवाल्यांचा रिआडिले आहे, वल्हाला डीएसपीचा सुपरमॅसिव्ह आहे, हा तर फुकट देतात यावर विश्वास बसत नाही इतका चांगला, त्यावर आधी कान तयार करा, आपल्याला किती मिलिसेकंद आवडतात, किती रिपीट, किती दबका, हे कळू द्या. ज्याला स्टेजवर जायचंय पण बजेट दहाच्या आत आहे त्याने एक बरा मल्टिइफेक्ट (एकाच डब्यात बरेच इफेक्ट) घ्यावा, त्यात टॅप असतो, वेळ भरपूर असतो, आणि तसाच सरळ मिक्सरला पण जातो, साउंडवाल्याकडे अँपला लावायला माइक नसला तरी भागतं. फक्त स्लॅपबॅक आणि छोटी शेपटी हवी असणाऱ्यासाठी पीटी२३९९ वालं तीन-चार हजाराचं पेडल अगदी झकास, आणि ज्याला सोल्डरिंग येतं त्याने तर घरीच बनवावं, नेटवर सर्किट उघडी पडलेली आहेत, रविवारचं काम आहे. पंधरा-वीस हजारात अॅनालॉग ड्राय, बफर, टॅप, बाहेरचा फूटस्विच हे सगळं असलेलं भक्कम पेडल मिळतं आणि दर शनिवारी-रविवारी स्टेजवर असणाऱ्यांपैकी बहुतेकांना इथेच थांबायला मी सांगेन. त्याच्या वर जायचं कारण एकच, तुम्हाला स्टिरिओ आणि प्रीसेट खरंच लागतात. आणि खरी बकेट ब्रिगेड घ्यायची असेल तर जरूर घ्या, मला पण ती फार आवडते, तिचा मळलेला तिसरा-चौथा रिपीट ऐकत मी तासभर बसू शकतो, पण ती आवड म्हणून घ्या, जास्त क्वालिटी मिळते म्हणून नको.

सेकंडहँडचा विचार करत असाल तर नागपुरात चांगले पेडल फिरत असतात, एकजण दुसऱ्या शहरात नोकरीला गेला की सगळा बोर्ड विकून जातो. घेताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल घेऊन जा. आधी पेडल न लावता सरळ अँपमध्ये वाजवा, मग पेडल लावून बायपासमध्ये, मग मिक्स शून्यावर ठेवून पेडल चालू करा, या तिन्हीत आवाज एकच आला पाहिजे, लेव्हल पण. मग वेळ सगळ्यात जास्त करा आणि काही न वाजवता रिपीट वर न्या, किती हिस आहे ते कळेल, बकेट ब्रिगेडवालं असेल तर बारीक शिट्टी येते का तेही ऐका, आली तर क्लॉक गळतोय, ट्रिमपॉट जागेवरून हलला असेल किंवा कोणीतरी आत हात घातला असेल. नॉब फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, तो स्प्रेने जातो. स्विच मात्र जोरात, भराभर, बूट घालून दाबून बघा, आणि अडॅप्टर सोबत देत असतील तर त्यावर लिहिलेले मिलिअँप वाचून मगच भाव करा.